पसरून भरलेली बैठक

मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटीत चढलेली ऋतुजा नेकनूरला उतरेपर्यंत बोलत असते. उतरल्यावरही बोलतच असते, कारण विषय काही बसबरोबर पुढं निघून जात नाही. तिच्या शेजारी खिडकीला शाईस्ता बसलेली असते आणि अख्ख्या प्रवासात तिच्या वाटेचा शब्द एकच असतो. "मग?"

हा 'मग' साधासुधा समजू नका. आठवीपर्यंत ऋतुजा मोठ्यानं बोलायची ती फक्त शेरडांशी. तिचे वडील सोमनाथ यांच्याकडं चाळीसेक शेरडं-मेंढरं, त्यामुळं आवाज रानात तयार झालेला, या डोंगरावरून हाक मारली तर त्या डोंगरावरची शेळी चरायचं थांबवणार. पण वर्गात उभं केलं की तोच आवाज कुठं जायचा कुणास ठाऊक. मागच्या वर्षी सरांनी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचं नाव टाकलं आणि ती हादरली. मग तिनं ते भाषण बसमध्ये शाईस्ताला म्हणून दाखवलं. एकदा नाही, अकरा वेळा. शाईस्तानं छान म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. ऋतुजा अडकली की ती म्हणायची, "मग?" आणि भाषण कंटाळवाणं झालं की खिडकीबाहेर बघायची. ज्या ज्या वाक्याला शाईस्तानं बाहेर बघितलं ते ते वाक्य ऋतुजानं काढून टाकलं. भाषण निम्म्यावर आलं आणि पहिला नंबरही आला.

तेव्हापासून ऋतुजाला थांबवणं अवघड झालंय. नववीत ती लेझीम पथकाची कॅप्टन झाली, बाल संसदेत निवडून आली, परिपाठाला बातम्या तीच वाचते, आणि बातम्या कमी पडल्या तर त्यांवर स्वतःचं मतही सांगते. अशा जोरात असतानाच एका गुरुवारी तिच्या हातून ती चूक झाली.

बाल संसदेत हेडसरांनी विचारलं, शाळेतल्या अडचणी सांगा. ऋतुजा उभी राहिली. ढोल-लेझीम व्हरांड्यात पडलेले असतात, ढोलाच्या चामड्याला उंदीर लागलेत, आणि तिकडं मागची ती वाचनालयाची खोली अशीच रिकामी पडलीय. तिथं कुणी जात नाही, कुणी येत नाही. तेवढी खोली पथकाला द्यावी. तिनं हातवारे करून तीन मुद्दे मांडले, टाळ्या पडल्या, आणि हेडसरांनी जागच्या जागी सांगून टाकलं की सोमवारपासून ढोल आत.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ऋतुजानं ती सगळी हकिकत रंगवून सांगितली. पण 'मग' काही आला नाही.

शाईस्ताचं गप्प बसणं ऋतुजाला वाचता यायचं. गणित चुकल्यावरचं गप्प वेगळं, भूक लागल्यावरचं वेगळं, आणि बसमधल्या गाण्याचा वैताग आल्यावरचं तर लांबून ओळखू यायचं. हे मात्र नवीनच होतं. फाटा दिसायला लागला तेव्हा शाईस्ता हळूच म्हणाली, "तिथं कुणी जात न्हाई, असं न्हाई. मी जाते."

दोन वर्षं एका बाकावर बसून ऋतुजानं कधी विचारलंच नव्हतं. मधल्या सुट्टीत डबा संपला की शाईस्ता म्हणायची, जरा जाऊन येते. ऋतुजाला वाटायचं, पाणी प्यायला जात असेल. पाणी प्यायला कुणी रोज अर्धा तास घेतं का, हे तिच्या डोक्यात आलं नाही, कारण त्या अर्ध्या तासात ती स्वतः बोलत असायची.

शाईस्ताचं घर म्हणजे फाट्यावरच्या गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या. वडील यासीनचाचा ट्रकची चाकं खोलतात. दिवसभर घणाचे ठोके, कॉम्प्रेसरची घरघर, हायवेचे हॉर्न, आणि घरातली सात माणसं सतत एकमेकांना हाका मारणारी. त्या सगळ्यांवर शाईस्ताचा जीव होता. पण मागची खोली ही तिच्या दिवसातली एकच जागा होती जिथं कुणी तिचं नाव घेत नव्हतं. एक कपाट, दोन मोडके स्टूल, चिंचेकडं उघडणारी खिडकी. एवढंच. आणि तेवढंच ऋतुजानं टाळ्यांच्या बदल्यात देऊन टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी घंटा व्हायच्या आत ऋतुजा हेडसरांसमोर उभी होती. तिनं कालचे तिन्ही मुद्दे एकेक करून खोडून काढले. हेडसर मिशीत हसत ऐकत राहिले. मग म्हणाले की काल तूच सांगितलंस तिथं कुणी जात नाही, आज सांगतेस जातात, मी कुणाचं ऐकू? त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर साडेअकराला वाचक मंडळाची बैठक भरवा. मी स्वतः येऊन डोकी मोजणार. दहा भरली तर खोली वाचणाऱ्यांची.

"नऊ भरली तर ढोल आत," ते म्हणाले. "मंग पुन्हा भाषण न्हाई."

म्हणजे एकटं बसता यावं म्हणून शाईस्ताला आता माणसं जमवायची होती. शाईस्तानं हे ऐकलं, डोळे मिटले आणि उघडले. ऋतुजा म्हणाली की काळजी करू नको, जमवाजमव हे आपलं काम हाय.

त्याच संध्याकाळी तिनं वडिलांच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव दिलं 'शांत वाचक मंडळ'. शाळेत जी जी पोरं तिला गप्प दिसली होती त्यांचे नंबर मिळवून तिनं एका दमात सगळ्यांना आत घेतलं आणि दोन मिनिटांचा आवाजी मेसेज टाकला. जेवण होईपर्यंत स्वतःचा मोबाईल असलेले सात जण बाहेर पडले. कुणी काही बोललं नाही, भांडलं नाही, नुसते निघून गेले. आत राहिले ते सगळे बाप, कारण बाकीचे नंबर त्यांचेच होते. त्यांना ग्रुप फार आवडला. एकानं गाभण म्हशीचा फोटो टाकला, दुसऱ्यानं किंमत विचारली, यासीनचाचांनी ट्यूबलेस टायरची माहिती दिली. सकाळी सोमनाथांनी पोरीला कौतुकानं सांगितलं की ग्रुप लई कामाचा काढलास, दोन बोकडांचं गिऱ्हाईक आलं.

हे सगळं ऋतुजानं शाईस्ताला सांगितलं तेव्हा ती हसली. आवाज न करता, खांदे हलवत. मग तिनं ऋतुजाचं मनगट धरलं आणि मधल्या सुट्टीत पहिल्यांदाच तिला मागच्या खोलीत नेलं.

कपाट उघडून शाईस्तानं एक पुस्तक काढलं. मध्ये उसाच्या पाचटाची पट्टी होती. दुसऱ्यात एसटीचं तिकीट, तिसऱ्यात सीताफळाच्या तीन चपट्या बिया कागदात गुंडाळलेल्या. चौथ्यात खूण नव्हती, पण दर चार-सहा पानांनी कोपऱ्यावर पिवळा अंगठा उमटलेला होता.

"हे कोण?" ऋतुजानं विचारलं.

"जानकीमावशी. खिचडीची हळद."

शाळेची खिचडी शिजवणाऱ्या जानकीबाई पुस्तकं वाचतात हे अख्ख्या शाळेत कुणाला माहीत नव्हतं. शाईस्तालाही त्यांनी सांगितलं नव्हतं. पण गेली दोन वर्षं ती या खुणांच्या शेजारी राहत होती. पाचटवाला म्हणजे दहावीचा सुग्रीव, सहा फूट उंच, व्हॉलीबॉलच्या टीममध्ये असून कुणाशी न बोलणारा. तिकीटवाली जिनत. बिया शाळा सुटल्यावर फळगाड्यावर बसणाऱ्या फिरोजच्या. कोण घाईनं वाचतं, कोण शेवट आधी बघतं, कोण रडायच्या पानाशी आठ दिवस थांबतं, हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि यातल्या एकाशीही ती कधी बोलली नव्हती. ते येऊन गेले की ती जायची, ती गेली की ते यायचे. ऋतुजाला शाळेतल्या साडेचारशे पोरांची नावं पाठ होती. त्यातलं एकही माणूस आपल्याला असं माहीत नाही, हे तिला त्या मोडक्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

असे वाचणारे एकूण आठ होते, म्हणून शाईस्तानं वहीच्या पानाच्या आठ चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर तेच लिहिलं: 'ही खोली जाणार आहे. शनिवारी साडेअकराला या. दहा जण लागतात. बोलावं लागणार नाही.' मग तिनं प्रत्येक चिठ्ठी ज्याच्या त्याच्या पुस्तकात घातली, पण खुणेच्या जागी नाही. खुणेच्या पुढं, वीस पानांवर नाहीतर तीस पानांवर, वाचणारा बुधवारपर्यंत जिथं पोचेल असा तिचा अंदाज होता तिथं. फार आधी मिळाली तर माणूस विचार करत बसतो आणि येत नाही, म्हणाली.

आठ आणि ती एक, नऊ. दहाव्याचं काय, असं ऋतुजानं विचारलं, तर शाईस्ता म्हणाली बघू. आणि शनिवारी ऋतुजानं लांब राहायचं, मैदानावर पथकाची तालीम घ्यायची, हेही तिनं इतक्या मऊपणे सांगितलं की ऋतुजाला वाईट वाटायलाही वेळ लागला.

शनिवारी शाळा सुटली. साडेअकराला हेडसर मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. शेजारी शाईस्ता उभी. खोलीत तिसरं माणूस नव्हतं.

आणि मैदानावरून ऋतुजाला सगळे दिसत होते. सगळेच्या सगळे आठ. आधीच बसलेल्यांच्या नजरेसमोरून आत जावं लागू नये म्हणून प्रत्येक जण पंधरा मिनिटं लवकर आला होता. तिथं आपल्यासारखेच आणखी आलेले बघून प्रत्येकानं एकच ठरवलं होतं: आधी बाकीचे आत जाऊ देत. सुग्रीव सायकलची चेन बसवत होता. सायकल त्याची नव्हती आणि चेन निघालेली नव्हती. जिनत टाकीवर तिसऱ्यांदा डबा धूत होती. बबिता नावाची आठवीतली पोरगी वाकून बूट बांधत होती, पायात चप्पल होती. गणिताचे सर, जे गणिताबाहेर वर्षाला दहा वाक्यं बोलतात, ते फळ्यावरचं मागच्या वर्षीचं वेळापत्रक मन लावून वाचत होते. फिरोज कंपाउंडवर बसून आभाळ बघत होता. जानकीबाई खिचडीच्या कोठीची झाडलेलीच पायरी झाडत होत्या. आणि सहावीतल्या दोघी चिंचेच्या एकाच खोडाच्या दोन बाजूंना लपल्या होत्या, एकमेकींचा पत्ता नसलेल्या.

अकरा पस्तीस झाले. हेडसरांनी घड्याळ बघितलं. ऋतुजानं छाती भरून श्वास घेतला. एक हाक मारली तर आठही जण दचकून दारात जातील याची तिला खात्री होती. पण तेवढ्यात शाईस्ता दारात आली, तिच्याकडं बघितलं आणि किंचित मान हलवली. नको. ऋतुजानं तो श्वास तसाच गिळला.

शाईस्तानं खडू घेतला आणि दाराबाहेरच्या लहान फळ्यावर लिहिलं: 'बैठक सुरू झाली आहे. जो जिथं आहे तिथंच बसावं.' मग कपाटातून आठ पुस्तकं छातीशी धरून ती बाहेर पडली. एक सायकलच्या कॅरिअरला लावलं. एक टाकीच्या कठड्यावर ठेवलं. एक पायरीवर, झाडूच्या जरा पलीकडं. कुणाकडं बघितलं नाही, कुणापाशी थांबली नाही.

ऋतुजाला ती चाल ओळखीची वाटली. कळपातलं एखादं मेंढरू बुजून लांब उभं राहिलं की सोमनाथ असंच करायचे. त्याच्याकडं सरळ बघायचं नाही, जरा तिरकं चालायचं, पाला टाकायचा आणि आपल्या वाटेनं पुढं जायचं. तिला स्वतःला ते आजवर जमलं नव्हतं. ती हाक मारायची आणि मेंढरू पळायचं.

शाईस्ता खोलीच्या दाराशी परत पोचेपर्यंत सुग्रीव सायकलला टेकून पान उघडत होता. जिनत कठड्यावर चढून बसली. गणिताचे सर वेळापत्रकाखालीच मांडी घालून बसले. चिंचेखालच्या दोघींनी आपापली पुस्तकं उचलताना एकमेकींना बघितलं, दोघी लाजल्या, आणि आपापल्या बाजूला परत गेल्या.

"मंडळ कुठंय, शाईस्ता?" हेडसरांनी आतून विचारलं.

"भरलंय, सर," ती म्हणाली. "जरा पसरून भरलंय."

हेडसर बाहेर आले. फळा वाचला. मग हात मागं बांधून त्यांनी मैदानाला एक अख्खी फेरी मारली, बोटांवर मोजत. एरवी त्यांची चाहूल लागली की पोरं उठून उभी राहतात, आज कुणी मान वर केली नाही. जानकीबाईंच्या पुढ्यातून तर ते चोरासारखे चवड्यांवर गेले. परत आले तेव्हा ते कुजबुजत होते. शाळेत कुणी त्यांना कुजबुजताना ऐकलं नव्हतं.

"तुला धरून नऊ," ते म्हणाले. "एक कमी हाय, बाळा."

शाईस्तानं मैदानाकडं बघितलं आणि हाक मारली.

"ऋतुजा."

तिचा आवाज एवढा लांब पोचतो हे ऋतुजाला माहीतच नव्हतं. ती धावत आली तेव्हा हेडसरांना हसू आवरत नव्हतं. ही आणि वाचक मंडळात? त्यांनी अट घातली: साडेबारापर्यंत हिच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही तर दहा धरीन. निघाला तर ढोल आत.

साडेबाराला तब्बल पन्नास मिनिटं होती. एवढा वेळ ऋतुजा झोपेतही गप्प नसते, असं तिची आई म्हणते. शाईस्तानं कपाटासमोर जरा विचार केला आणि पाखरांच्या घरट्यांवरचं एक पुस्तक तिच्या हातात दिलं. ऋतुजा दाराच्या पायरीवर बसली.

पहिली दहा मिनिटं तिनं एकच ओळ वाचली. समोर तिचंच पथक कॅप्टनशिवाय तालीम करत होतं आणि चौथ्या ठोक्याला चुकत होतं. दर वेळी चौथ्याच. तिनं ओठ दातांत धरले. कुणीतरी तिथूनच विचारलं, कॅप्टन, बरोबर हाय का? तिनं डोळे पुस्तकात खुपसले. मुंगी चावली, तरी 'स्स' निघू दिलं नाही, कारण तो शब्द धरतात की नाही हे विचारायचीही सोय नव्हती.

मग ती सुगरणीच्या पानावर आली. नर अर्धं घरटं विणतो, त्याला लटकून पंख फडफडवतो आणि जो येईल त्याला ओरडून ओरडून दाखवतो. मादी येते, आत जाऊन बघून घेते. पसंत पडलं तर राहते, नाही पडलं तर उडून जाते, आणि हा नवीन घरटं विणायला घेतो. ऋतुजानं ते दोनदा वाचलं. तो नर कोण हे तिला बरोबर कळलं. बसच्या खिडकीबाहेर बघणारी कोण, तेही कळलं. तिला इतकं हसू आलं की खांदे हलायला लागले, आवाज न करता. दाराशी स्टुलावर बसलेल्या शाईस्तानं पुस्तकावरून बघितलं, आणि परत वाचायला लागली.

त्यानंतर लेझीम चुकते की नाही हे ऋतुजाला ऐकू आलं नाही. ऐकू आली ती पानं. टाकीवरचं एक, सायकलपाशी एक, पायरीवर जानकीबाईंचं जाड बोट लावून उलटलेलं एक. नऊ माणसं एकमेकांकडं न बघता किती जवळ बसली होती, हे तिला मोठ्यानं सांगावंसं वाटलं, आणि सांगता येत नव्हतं म्हणून ते आत साठत राहिलं. ते साठणंही वाईट नव्हतं.

"सुटलीस," हेडसर म्हणाले. "साडेबारा."

ऋतुजानं मान वर न करता एक बोट दाखवलं. पान संपायचं होतं.

हेडसर ते पान संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी खोलीची किल्ली काढून शाईस्ताच्या हातात दिली, आणि जाता जाता, कुणी ऐकत नाही असं बघून, सोमवारी ते पाखरांचं पुस्तक मोकळं असेल का ते विचारलं. ढोलांची सोय जानकीबाईंनी केली. खिचडीच्या कोठीवर माळा हाय, म्हणाल्या, आणि उंदरांचं मी बघते. त्या वर्षातलं त्यांचं हे सगळ्यात मोठं बोलणं होतं. मंडळ अजून दर शनिवारी भरतं. खोलीत मात्र एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं कुणी बघितलेली नाहीत.

एकच्या बसला दोघींना खिडकीची जागा मिळाली. ऋतुजाजवळ पन्नास मिनिटांचं बोलणं शिल्लक होतं. चौथा ठोका, मुंगी, हेडसरांचं कुजबुजणं, सगळं क्रमानं लावून तिनं तोंड उघडलं.

"ते अर्ध्या घरट्याचं वाचलंस ना?" शाईस्ता म्हणाली. "मला त्याच्यात एक गोष्ट कधीच पटली न्हाई."

आणि ती सांगायला लागली. आपलं घरटं मादीला का पसंत पडलं नाही हे त्या नराला कुणी सांगतच नाही. मग त्या सोडलेल्या घरट्यांचं काय होतं, त्यांत दुसरं कोण राहतं. गॅरेजमागच्या बाभळीवर तसली सात लटकलेली असतात आणि ती लहानपणापासून मोजत आलीय. तिचे हात हलायला लागले. कंडक्टर येऊन तिकीट देऊन गेला तरी ती थांबली नाही.

ऋतुजानं तोंड मिटलं. आपलं सगळं बोलणं मांडीवरच्या दप्तरासारखं धरून ठेवलं आणि शाईस्ताकडं वळून बसली.

"मग?" ती म्हणाली.